रक्तदाबाचा रोजमेळ

संपादक मंडळाचे पत्र दरवर्षी येते आणि दरवर्षी मी बाजार-सेस, वजनकाटे किंवा तुरीची आवक यांपैकी एखादा विषय घेऊन चार पाने लिहून पाठवितो. यंदाही तोच विचार होता. परंतु मागील आकडे पाहण्यासाठी स्मरणिकेचे जुने अंक काढून बसलो, आणि आकड्यांऐवजी श्रद्धांजलीच्या पानांवरच नजर खिळून राहिली. ते पान आपणां सर्वांच्या परिचयाचे आहे. काळ्या चौकटीत छायाचित्र, खाली पेढीचे नाव, गाव आणि वय. भालकी, हुमनाबाद, बसवकल्याण, आळंद, कलबुर्गी. जुन्या अंकांतील चेहरे बहुधा टोपी घातलेल्या वृद्धांचे आहेत. अलीकडच्या अंकांत मात्र ज्यांचे केसही पुरते पिकले नव्हते असे चेहरे आढळतात, आणि खाली 'हृदयविकाराच्या तीव्र झटक्याने' किंवा 'पक्षाघाताने' हे शब्द. मी त्यांची टक्केवारी काढलेली नाही. या दोन जिल्ह्यांत आपला समाज संख्येने अल्प. इतक्या थोड्या नावांवरून सिद्धान्त मांडणे योग्य होणार नाही. परंतु त्यांपैकी ज्या ज्या घरी मी समाचारास गेलो, तेथे एक वाक्य न चुकता कानी पडले: "त्यांना काहीच नव्हते हो, शिबिरात बी.पी. सुद्धा नॉर्मल निघाले होते."

या वाक्याविषयीच मला आज लिहावयाचे आहे.

माझे एक चुलतबंधू कलबुर्गीच्या नेहरू गंजात ३० वर्षे अडतीचा व्यवसाय करीत. वय ५२, निर्व्यसनी, बांधा सडसडीत. एका आरोग्य शिबिरात त्यांचा रक्तदाब १२८/८० भरला. ते कार्ड त्यांनी गल्ल्यात जपून ठेविले होते आणि कोणी प्रकृतीची चौकशी केली की काढून दाखवीत. पुढे सात महिन्यांनी, ऐन तुरीच्या हंगामात, जानेवारीतील एका पहाटे अंथरुणातून उठून उभे राहताना त्यांचा उजवा हात लुळा पडला आणि वाचा गेली. इस्पितळातून घरी आल्यानंतर डॉक्टरांनी काही आठवडे सकाळ-संध्याकाळ दाब मोजून लिहून ठेवण्यास सांगितले. ती वही मी पाहिली आहे. एके दिवशी सकाळी १६८, सायंकाळी १३०. दुसऱ्या दिवशी सकाळी १२४, सायंकाळी १७२. जणू वायदेबाजाराचे भाव. मानेतील धमनीची सोनोग्राफी झाली तेव्हा तिचे अस्तर जाड झालेले आणि एके ठिकाणी मेदाचा थर साचलेला दिसला. असा थर सात महिन्यांत साचत नाही. ज्या दिवशी कार्डावर १२८/८० लिहिले गेले, त्या दिवशीही तो तेथे असलाच पाहिजे. भावाची वाचा पुष्कळशी परत आली; उजव्या हाताने रोजमेळ लिहिणे मात्र कायमचे सुटले.

शिबिर भरविणाऱ्यांना मी दोष देत नाही. त्यांनी आकडा खराच लिहिला होता. आक्षेप आहे तो त्या एका आकड्यावर आपण जो विश्वास टाकतो त्यावर. वास्तविक आपण व्यापारी. एका दिवसाचा तुरीचा भाव पाहून कोणी वर्षाचा सौदा करीत नाही. एखाद्या पेढीची पत पाहावयाची तर आपण आजची रोकड किती हे विचारून थांबत नाही. खतावणी मागवितो, उलाढाल पाहतो, उचल वेळेवर फिटते की कधी फार आणि कधी काहीच नाही, हे तपासतो. ज्या पेढीची रोकड आज लाखावर आणि उद्या शून्यावर, तिची सरासरी कितीही चांगली निघो, तिला माल देताना आपला हात आखडतो. मग स्वतःच्या देहाच्या पेढीविषयी आपण इतके भोळे का असावे?

रक्तदाब हा दगडावर कोरलेला आकडा नव्हे. हृदयाच्या प्रत्येक ठोक्यागणिक तो बदलतो. निरोगी मनुष्यात झोपेत तो दिवसापेक्षा साधारण १० ते २० टक्क्यांनी उतरतो आणि पहाटे जाग येताना पुन्हा चढतो. जिना चढताना, रागावताना, नुसते मोठ्याने बोलतानाही वाढतो. इटलीतील रिव्हा-रोची यांनी दंडाला पट्टा बांधून दाब मोजण्याचे पाऱ्याचे यंत्र १८९६ साली प्रसिद्ध केले, आणि १९०५ मध्ये रशियाचे कोरोत्कोव्ह यांनी नळीने धमनीतील ध्वनी ऐकून वरचा व खालचा असे दोन्ही आकडे ठरविण्याची रीत दाखविली. तेव्हापासून वैद्याच्या खुर्चीत बसून एकदा मोजलेला आकडा म्हणजेच 'आपला रक्तदाब' अशी समजूत रूढ झाली. तिची सोय मोठी होती, यात संशय नाही.

परंतु हे चढउतार नैसर्गिक असले तरी त्यांना मर्यादेत ठेवणारी एक यंत्रणा शरीरात आहे. मानेतील मोठ्या धमन्यांत आणि हृदयातून निघणाऱ्या महाधमनीच्या कमानीत दाब ओळखणारे सूक्ष्म मज्जातंतू असतात. भिंत ताणली गेली की ते मेंदूस वार्ता देतात आणि हृदयाची गती व धमन्यांचा आकस लगेच कमी केला जातो. दाब पडला की याच्या उलट. हे सर्व साधते ते धमनी लवचीक असेल तोवर. शाळेच्या जुन्या पुस्तकांत आपण जिला रोहिणी म्हणून ओळखले, ती धमनी निर्जीव नळी नसून रबरासारखी ताणणारी व आकसणारी भिंत आहे. वय, तंबाखू, साखरेचा विकार, अति मीठ, मेद यांमुळे ती ताठ होऊ लागली की ते तंतू ताण नीट ओळखू शकत नाहीत, आणि दाब मोकाट चढउतार करू लागतो. उलटपक्षी हे हेलकावेच आतील नाजूक अस्तरास पुन्हा पुन्हा हिसके देऊन त्याची झीज वाढवितात, असेही शास्त्रज्ञ मानतात. कारण कोणते आणि कार्य कोणते याचा निवाडा अद्याप पुरता झालेला नाही. बहुधा दोन्ही एकमेकांस ढकलीत असावीत. कर्ज आणि व्याज यांचे जसे चालते तसे.

हा विकार वृद्धापकाळी अकस्मात उपजतो असे मानण्याचे दिवस केव्हाच गेले. कोरियाच्या युद्धात पडलेल्या ३०० अमेरिकन सैनिकांची हृदये तपासून तिघा वैद्यांनी १९५३ साली जो वृत्तान्त प्रसिद्ध केला, त्याने वैद्यकविश्व हादरले. त्या सैनिकांचे सरासरी वय होते अवघे २२, आणि दर चारांपैकी तिघांच्या हृदयधमन्यांत विकाराची काही ना काही खूण सापडली होती. त्यांपैकी कोणासही 'काही नव्हते'.

चढउताराच्या अभ्यासास मोठी चालना मिळाली ती २०१० मध्ये. ऑक्सफर्डचे पीटर रॉथवेल आणि त्यांचे सहकारी यांनी दाखविले की एका भेटीपासून दुसऱ्या भेटीपर्यंत ज्यांचा वरचा आकडा फार बदलतो, त्यांस पक्षाघाताचा धोका सरासरी दाब जमेस धरूनही अधिक असतो. त्यांचे रुग्ण आधीच आजारी होते, हा आक्षेप रास्त म्हणावा लागेल. परंतु अमेरिकेतील चार शहरांत १९८५-८६ मध्ये १८ ते ३० वयाच्या ५,००० हून अधिक तरुण-तरुणींची नोंद करून त्यांचा पाठपुरावा सुरू करण्यात आला होता. त्यावरून २०२० साली प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणातही हेच निघाले. तारुण्यात ज्यांचा दाब तपासणीगणिक अधिक हेलकावत होता, त्यांना मध्यमवयात हृदयाचे व मेंदूचे आघात अधिक झाले. जपानच्या ओहासामा या लहानशा ग्रामीण भागात १९८० च्या दशकात घरोघरी यंत्रे देऊन लोकांकडून दाब मोजवून घेण्यात आला. वैद्याच्या खोलीतील आकड्यापेक्षा घरचा आकडा पुढील आयुष्याविषयी अधिक खरे सांगतो, हे तेथून जगास कळले. रोजच्या रोज होणारा फेरबदल हाही धोक्याची खूण असल्याचे त्याच गावाच्या नोंदींवरून २००८ मध्ये दिसून आले. शेतकऱ्यांच्या एका वस्तीने हे काम करून दाखविले, ही गोष्ट मला त्या निष्कर्षाइतकीच महत्त्वाची वाटते.

आपल्या देशातही 'इंडिया हार्ट स्टडी' या नावाने १५ राज्यांतील सुमारे १९,००० लोकांची पाहणी झाली व ती २०१९ मध्ये जाहीर झाली. दाबाची कोणतीही गोळी न घेणारे हे लोक. त्यांच्यात दर १०० पैकी सुमारे २४ जणांचा दाब केवळ डॉक्टरांपुढे वाढलेला होता, घरी ठीक होता. आणि सुमारे १८ जणांचा डॉक्टरांपुढे ठीक, पण घरी वाढलेला होता. दुसरा वर्ग आमच्या चुलतबंधूंचा. कार्ड गल्ल्यात आणि रोग घरात. शिवाय सायंकाळचा दाब सकाळपेक्षा अधिक, हे भारतीयांचे एक वैशिष्ट्यही त्या पाहणीत आढळले. आपली शिबिरे सकाळी १० ते १ या वेळेत भरतात, हे येथे नमूद करून ठेवतो.

शिबिरातील मोजणीची रीतही डोळ्यांपुढे आणावी. मंडपाबाहेर रांग, ओळखीपाळखी, एका हातात चहाचा पेला. नंबर आला की धावत जाऊन स्टुलावर बसणे, हात लोंबता, तोंडाने गप्पा चालूच. धडा न करता तराजूत माल घालावा तसा हा प्रकार आहे. शास्त्र असे सांगते की मोजण्याआधी अर्धा तास चहा-तंबाखू नको, लघवी तुंबलेली नको. पाठ टेकवून, पाय जमिनीवर ठेवून ५ मिनिटे मुकाट्याने बसावे, दंड हृदयाच्या उंचीवर टेकवावा आणि मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजावे. ४८ मिनिटांचे सामायिक करणाऱ्या समाजास ५ मिनिटे स्वस्थ बसवत नाही, याचे नवल वाटते.

आता आपल्या दिनक्रमाकडे वळतो, कारण आपल्यापैकी जे गोळ्या घेतात त्यांचे हेलकावे काही अंशी आपणच उत्पन्न करतो. रात्रिभोजनत्याग हा आपला जुना आचार. पुष्कळ जण सूर्यास्तानंतर पाणीही घेत नाहीत. डॉक्टरांनी लिहिलेले असते 'रात्री जेवणानंतर एक'. ती गोळी एक तर सुटते, किंवा आज पाचला, उद्या सातला, परवा मुळीच नाही अशी घेतली जाते. पर्युषणात व दशलक्षणात तर उपवासाच्या दिवशी गोळी घेणे हाच व्रतभंग समजून कित्येक जण आठवडाभर औषध बंद ठेवतात आणि पारण्याच्या दिवशी पुन्हा सुरू करतात. दाबाची काही औषधे अशी आहेत की ती अचानक थांबविली तर दाब पूर्वीपेक्षाही उसळी मारतो. याउलट लघवी वाढविणारी गोळी घेत राहून निर्जळ उपवास केला तर दाब एकाएकी कोसळून घेरी येते. कलबुर्गीच्या मे महिन्यात हीच गोष्ट उपवासाविनाही घडते. उन्हाळ्यात दाब स्वभावतःच उतरतो, घामाने पाणी जाते, आणि गोळीची मात्रा मात्र डिसेंबरातली तशीच चालू राहते.

यावर उपाय व्रत सोडणे हा नव्हे. उपाय एवढाच की चातुर्मासाच्या आरंभीच डॉक्टरांकडे जाऊन 'मी सूर्यास्तानंतर काही घेत नाही, अमुक दिवशी उपवास आहे' हे स्पष्ट सांगावे. दिवसातून एकदा, सकाळी घ्यावयाची आणि प्रभाव दीर्घकाळ टिकणारी औषधे आज सहज उपलब्ध आहेत. आमच्या गंजातील मुसलमान व्यापारी बंधू रमजानपूर्वी डॉक्टरांकडून साखरेच्या गोळ्यांच्या वेळा बदलून घेतात; त्यासाठी वैद्यकसंस्थांनी नियमावल्याही केल्या आहेत. आपण डॉक्टरांना सांगतच नाही, मग त्यांनी तरी काय करावे? औषध आणि आचार यांची सांगड घालणे ही आपल्या परंपरेस नवी गोष्ट नाही. याच कलबुर्गी जिल्ह्यात कागिणा नदीच्या काठी राष्ट्रकूटांची राजधानी मान्यखेट, म्हणजे आजचे मळखेड. नवव्या शतकात उग्रादित्याचार्यांनी 'कल्याणकारक' हा वैद्यकग्रंथ रचला आणि मांस व मद्य यांविना चिकित्सा होऊ शकते हे नृपतुंग अमोघवर्षाच्या सभेत प्रतिपादिले. तो ग्रंथ १९४० साली आपल्या शेजारच्या सोलापुरात छापला गेला. आचार्यांनी औषध नाकारले नाही; आचारात बसेल असे औषध शोधले.

मिठाविषयी थोडेच लिहितो, कारण ते सर्वांना ठाऊक आहे आणि कोणी पाळीत नाही. दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सर्व मिळून चहाचा सपाट चमचाभर, ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा. कडक भाकरी, शेंगाचटणी, लोणचे, पापड यांत ती दुपारीच ओलांडली जाते. पापडखार हाही सोडियमचाच क्षार आहे, हे आमच्या गृहिणींस कोणी सांगत नाही. षड्रसांत मीठ हा एक रस धरून रविवारी तो वर्ज्य करणारी वृद्ध मंडळी अजून आपल्या घरांत आहेत. त्यांना हसू नये.

एक शंका मला आमच्याच एका डॉक्टर मित्रांनी विचारली. "घरोघरी यंत्र दिले तर लोक दिवसातून दहा वेळा मोजतील आणि भीतीनेच दाब वाढवून घेतील." शंका खरी आहे. असे दोघे-तिघे माझ्या पाहण्यात आहेत. त्यांचा शेअरबाजार आणि रक्तदाब एकाच वेळी पाहणे चालते. शिवाय हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे की चढउतार अमुक इतका झाला म्हणजे औषध द्यावे, असा सर्वमान्य आकडा वैद्यकाने ठरविलेला नाही. मुख्य आधार अजूनही सरासरीचाच; चढउतार ही तिच्या जोडीची साक्ष. म्हणूनच रोज मोजण्याची आवश्यकता नाही. तीन महिन्यांतून एकदा ७ दिवस, सकाळी उठल्यावर व सायंकाळी, प्रत्येकी दोनदा मोजावे. पहिला दिवस सोडून उरलेल्यांची सरासरी काढावी. घरची सरासरी १३५/८५ च्या वर असली तर डॉक्टरांकडे जावे. ती खाली असूनही आकडे फार पसरलेले असतील तर वहीच नेऊन दाखवावी आणि साखर, मेद, मूत्रपिंड यांची तपासणी करून घ्यावी. निदान वहीवर करावे डॉक्टरांनी. आपण फक्त वही नीट लिहावी. एवढे तर आपल्या हाडीमासी आहे.

कन्नड चित्रपटसृष्टीतील लोकप्रिय नट पुनीत राजकुमार २९ ऑक्टोबर २०२१ रोजी वयाच्या ४६ व्या वर्षी गेले, तेव्हा आमच्या गंजातील हमालांनीही त्या दिवशी पाठीवर पोते घेतले नाही. व्यायामाने कमावलेला तो देह होता. पुढे त्यांच्याच नावाने 'हृदयज्योती' योजना राज्यात सुरू झाली. तालुक्याच्या इस्पितळात ई.सी.जी. काढून तो तज्ज्ञांकडे धाडावयाचा आणि गुठळी विरघळविणारे महाग इंजेक्शन तेथेच विनामूल्य द्यावयाचे. कलबुर्गीत जयदेव हृद्रोग संस्थेचे ३७१ खाटांचे नवे रुग्णालय २०२४ च्या डिसेंबरात उघडले. पूर्वी छातीत कळ आली की औराद-भालकीच्या माणसास सोलापूर वा हैदराबादची वाट धरावी लागे. हे अंतर आता कमी झाले, याबद्दल कृतज्ञ राहावे. तथापि ही सर्व व्यवस्था कळ आल्यानंतरची आहे. त्याआधीची २० वर्षे आपल्या हाती आहेत, आणि त्या वर्षांत कोणतेही इस्पितळ आपणास बोलावणे धाडणार नाही.

म्हणून असोसिएशनच्या कार्यकारिणीपुढे माझी सूचना अशी. वार्षिक शिबिराच्या मंडप, जेवण व हारतुऱ्यांवर होणाऱ्या खर्चातून दंडास बांधावयाची, प्रमाणित केलेली स्वयंचलित यंत्रे घ्यावीत. एक यंत्र दोन-तीन हजार रुपयांत येते. प्रत्येक तालुक्याच्या शाखेत अशी चार-पाच यंत्रे ठेवावीत आणि ग्रंथालयाच्या पुस्तकाप्रमाणे आठवड्याच्या बोलीने सभासदांस द्यावीत, सोबत छापील वही. मनगटावरील घड्याळांच्या आकड्यांवर विसंबू नये. ही सोय केवळ सभासदांपुरती नसावी. मुनीम, दिवाणजी, गाडीवान आणि हमाल यांनाही ती असावी. एका दिवसात शेकडो पोती उचलणाऱ्याच्या धमन्यांस किती हिसके बसतात, याचा विचार त्यांच्या जिवावर गादी चालविणाऱ्या आपण केलेला नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या पाहणीत दर १०० प्रौढांपैकी ३५ जणांस उच्च रक्तदाब आढळला होता. त्यात हमाल नाहीत असे कोणी समजू नये. वही मराठी व कन्नड दोन्ही लिप्यांत छापावी. बिदर व कलबुर्गी येथील सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांतील प्राध्यापकांस विनंती केल्यास वर्षातून दोनदा येऊन वह्या पाहतील, असा माझा अनुभवावरून विश्वास आहे.

हा लेख लिहिण्यापूर्वी मी स्वतः यंत्र आणून सात दिवस मोजले. वय ५८, गोळी कोणतीही नाही, गेल्या शिबिराच्या कार्डावर १३०/८२. वरचा आकडा रविवारी सकाळी १२२ होता. लिलावाच्या दिवशी सायंकाळी १५८, आणि तुरीचा भाव पडल्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे १६१. सौभाग्यवतीने ती वही पाहिली, काही बोलली नाही, पण दुपारी पानात लोणचे वाढले नाही. डॉक्टरांची वेळ पुढच्या गुरुवारची मिळाली आहे.